आयर्लंडला नेलेलं तूप

नोव्हेंबर लागला की आमच्या वेस्ट विंडसरच्या दुकानात बटरचा सेल लागतो. थँक्सगिव्हिंग तोंडावर आलेला असतो, अमेरिकन घरांतून केक-कुकीजचे घाणे निघायचे असतात, म्हणून दुकानदार फ्रीजची अख्खी भिंत बटरनं भरून टाकतात. या सेलची वाट त्या घरांतल्या बायकांपेक्षा आम्ही मराठी बायकाच जास्त बघतो. ग्रुपवर निरोप फिरतो, 'अनसॉल्टेड आलंय, संपायच्या आत जा', आणि तासाभरात आम्ही सगळ्या एकमेकींना त्याच फ्रीजपुढे भेटतो. माझ्या कार्टमधली चळत बघून काउंटरवरची मुलगी कौतुकानं म्हणते, "यंदा खूप बेकिंग दिसतंय!" मी हसून मान हलवते. तूप म्हणजे काय ते तिला एकदा समजावून सांगायला गेले होते, तर मागे रांग खोळंबली आणि शेवटी तिनं विचारलं की मग केक कधी करायचा. तेव्हापासून मी बेकिंगच करते.

यंदाही आणलं. जाड बुडाच्या पातेल्यात घातलं आणि आच मंद करून स्टूल ओढून शेजारी बसले. तूप कढवताना दुसरं काम काढू नये, असं माझं मत आहे. आधी बटर निमूटपणे वितळतं, मग पांढरा फेस धरतं, मग तडतडायला लागतं आणि बराच वेळ कुरकुरत राहतं. आणि मग ती कुरकुर हळूहळू कमी होत थांबते. तूप झालं हे डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळतं. आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेलं विड्याचं पान मी शेवटी त्यात सोडते, ते चर्र करतं, आणि मग जो वास सुटतो तो जिन्यावरून वर, कपड्यांच्या कपाटापर्यंत जातो. खिडकीबाहेर मेपलची पानं गळत होती आणि शेजाऱ्याचं पानं उडवायचं यंत्र घरघरत होतं. त्या वासात ही घरघर मिसळली की मला हमखास तो फॉल, पानगळीचा तो मोसम आठवतो, श्रीकांतच्या ऑपरेशनचा आणि मुक्ताच्या बाळंतपणाचा. त्याला आता थोडी वर्षं झाली. तेव्हा वाटलं होतं की हे दिवस एकदाचे संपले की पुन्हा आठवायचे म्हणून नाहीत. आता मी त्यांची वाट बघितल्यासारखी स्टुलावर बसते.

श्रीकांत माझा नवरा. मुक्ता आमची एकुलती एक लेक. इथेच न्यू जर्सीत वाढली, औषधांच्या कंपनीतल्या नोकरीनं डब्लिनला गेली, आणि तिथं तिला पुण्याचा केदार भेटला. लग्न झालं, तिथंच राहिले. केदारची आई तो कॉलेजात असतानाच गेली होती. त्यामुळे मुक्ताला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाळंतपण कोण करणार, हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही. मीच करणार होते. मी नुकतीच नोकरीतून निवृत्त झाले होते, आणि अमेरिकेत लॅबमध्ये सारा जन्म काढलेल्या बाईला अंगात किती आजीपणा साठला आहे, हे त्या वर्षी कळत होतं.

आणि तिकडे ताई होती. माझी थोरली बहीण, लेस्टरला असते. लग्न होऊन इंग्लंडला गेली ती तिथलीच झाली. ताईला मूल नाही. याबद्दल आमच्या घरात कुणी कधी काही बोललं नाही. ती स्वतःही बोलली नाही. तिनं फक्त मुक्ता डब्लिनला आल्याबरोबर खोके पाठवायला सुरुवात केली.

ताईचा खोका ही काय चीज होती ते सांगायला हवं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लसणीची चटणी, आणि सणावारी लाडू-चकल्या. लेस्टरच्या पोस्टात टाकला की आठवडा उलटायच्या आत डब्लिनच्या दारात. दोन देशांमध्ये समुद्र आहे, पण मध्ये कुणी विचारणारं नव्हतं. ताई म्हणायची, "अगं, पलीकडच्या आळीत डबा पाठवल्यासारखं आहे." मला इथं अमेरिकेत बसून ताईचा थोडा हेवाच वाटायचा. माझी स्वतःची लेक, आणि तिच्या पानातली चटणी मात्र मावशीची.

मग ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं.

भावोजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं. ताईनं आत राहायच्या. त्यावरून त्यांच्या घरात एक अख्खा उन्हाळा अबोला होता, असं ताई सांगते, पण चहा मात्र दोघांचा एकत्रच व्हायचा. नंतर सगळं शांत झालं. आपल्याला काय फरक पडतोय, असं दोघंही म्हणायला लागले. स्पेनला सुट्टीला गेल्यावर दुसऱ्या, लांबलचक रांगेत उभं राहावं लागलं, पासपोर्टवर शिक्के पडायला लागले, तेव्हा भावोजी म्हणाले, "चालायचंच." त्यांच्या गल्लीतला पोलिश सुतार गाशा गुंडाळून गेला आणि स्वयंपाकघरातलं कपाट वर्षभर एका बिजागरीवर लटकत राहिलं, तेव्हाही ते "चालायचंच" म्हणाले. पण मग ताईचा पहिला खोका परत आला.

ताई सत्यवचनी. आत काय आहे ते विचारलं, तर तिनं इंग्रजीत स्वच्छ लिहून दिलं होतं की घरी केलेले लाडू, साजूक तुपातले. दूधदुभत्याचं काहीही आता ब्रिटनमधून युरोपात असं पाठवता येत नव्हतं, आणि आयर्लंड युरोपातच होतं. खोका महिनाभर कुठेकुठे हिंडून, एका कोपऱ्यात चेपून घेऊन परत लेस्टरला आला. आतल्या लाडवांचा भुगा झाला होता. दुसऱ्यांदा तिनं नुसती भाजणी पाठवली, तर ती पोचली खरी, पण मुक्ताकडून दारात कर मागितला गेला. मुक्ता एका ब्रिटिश दुकानातून बाळासाठी छोटे छोटे कपडे मागवायची, त्या दुकानानं तर आयर्लंडला माल पाठवणंच थांबवलं. तिसऱ्या खोक्याच्या वेळी पोस्टाच्या रांगेत भावोजी स्वतः उभे होते. आत काय आहे, किती वजनाचं, कुणी केलं, कशासाठी, असल्या प्रश्नांची उत्तरं देऊन ते घरी आले आणि टीव्ही लावून बसले. "मी हसले नाही गं," ताई मला फोनवर म्हणाली, "पण मला फार हसायचं होतं."

मला यात एक गंमत वाटायची. आम्ही इथले, फार लांबचे. आमच्या बॅगा उघडल्या जाणार, आमच्या लोणच्यांकडे संशयानं बघितलं जाणार, आमच्या डब्यांना वाटेत कुणीतरी अडवणार, हे आम्ही पहिल्या विमानप्रवासापासून धरूनच चाललेलो. दूर असण्याची आम्हाला सवय होती. ताईला ती त्या वयात नव्यानं लावून घ्यावी लागत होती. मुक्ता होती तिथंच होती, ताई होती तिथंच होती, समुद्रही वाढला नव्हता. तरी दोघी एकमेकींपासून लांब गेल्या होत्या.

ऑक्टोबरात श्रीकांतच्या छातीत दुखलं. बायपास झाली. मुक्ताची तारीख नोव्हेंबरच्या शेवटी होती, आणि मी मनातल्या मनात हिशेब जुळवत होते की हा तोपर्यंत हिंडाफिरायला लागेल, चार मित्र आहेत, सगळं होईल. तिकीट काढून ठेवलेलं होतंच. पण छातीवरची जखम चिघळली आणि त्याला पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं. तो पलंगावरून मला म्हणत होता, "तू जा. मी काय, पडून राहणार. पोरीला तुझी जास्त गरज आहे." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मी त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ते ऐकलं. घरी आले आणि तिकीट कॅन्सल केलं. मग किचनच्या ओट्याला धरून उभी राहिले आणि खूप रडले. नवऱ्याला सोडून जाता येत नव्हतं, आणि लेकीकडे न जाणं सोसत नव्हतं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी मी कुठेतरी नसणारच होते.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. तिनं श्रीकांतची चौकशी केली, जखमेची केली, माझ्या जेवणाची केली. मग पुन्हा जखमेचीच केली.

"मी जाऊ का?" ती म्हणाली.

"कुठे?"

"मुक्ताकडे. म्हणजे, तुझी हरकत नसेल तर. मला काही फार येत नाही, पण सांगितलं तर करीन."

इतक्या हलक्या आवाजात ताईला कधी काही मागताना मी ऐकलं नव्हतं. लहानपणी तूप कढवलं की पातेल्याच्या बुडाशी राहिलेली बेरी साखर घालून कुणी खायची, यावरून आमची मारामारी व्हायची, आणि ताई मागायची नाही, सरळ पातेलंच उचलून न्यायची. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण फोन ठेवल्यावर काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

रश्मी माझ्याशी उघड बोलली. रश्मी म्हणजे आमच्या दोन घरं पलीकडे राहायला आलेली मुलगी. नागपूरची, नवरा-बायको दोघंही आयटीत, कडेवर तीन महिन्यांची छोकरी. आधी मिशिगनमध्ये नोव्हाय नावाच्या गावात होते, बाळ तिथंच झालं. श्रीकांत हॉस्पिटलात असताना ती दर दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबा घेऊन यायची. आमची ओळख ती काय, पण "काकू, तुम्ही काहून कुकिंगचं टेन्शन घेता, मी आहे ना," असं दारातच ठणकावून जायची.

"ताई जाणार आहेत? व्हेरी गुड," ती म्हणाली, आणि मग जरा घुटमळली. "पण काकू, त्यांना जमेल का? आय मीन, त्यांना स्वतःला..."

"तेच मी विचार करतेय."

"नाही म्हणजे, कुणीतरी पाहिजेच हो. माझ्या आईला व्हिसाची डेटच नाही मिळाली. यार, पहिला महिना मी बाथरूमचं दार लावून रडायची. बाळाला आंघोळ कशी घालायची, तेच माहीत नव्हतं. व्हिडिओ बघून बघून घातली." ती बाळाला थोपटत राहिली. "कुणी मोठं माणूस नुसतं बाजूला बसलं असतं ना, तरी चाललं असतं."

ताईनं निघायच्या आधी डिंकाचे लाडू केले. एकदा करून बिघडले, दुसऱ्यांदा बरे झाले, तिसऱ्यांदा तिच्या मनासारखे झाले. माझ्याकडून कृती घेतली, मिरजेच्या आमच्या मामीकडून घेतली, लेस्टरच्या दोन गुजराती मैत्रिणींकडून घेतली. आणि एक मोठी बरणी भरून साजूक तूप कढवलं. मी म्हटलं, "ताई, खोके परत येताहेत, मग हे कसं नेशील?" तर ती म्हणाली, "ते पोस्टाचं झालं. मी स्वतः घेऊन चाललेय. आयर्लंडला जायला मला व्हिसा लागत नाही, कुणी शिक्का मारत नाही. माणसाला अडवत नाहीत, ते लाडवाला कशाला अडवतील?" मलाही ते पटलं. आपल्याकडे असंच असतं. हातातून नेलेला डबा हा आपल्याला सामान वाटतच नाही, तो माणसाचाच एक भाग असतो.

डब्लिनच्या विमानतळावर तिची बॅग उघडायला लावली. तिथला माणूस अगदी सभ्य होता, ताई पुन्हा पुन्हा सांगते. त्यानं बरणी उजेडात धरली आणि विचारलं, हे काय? ताई खरं सांगणार, ती म्हणाली, बटर कढवून केलेलं आहे. त्यानं बरणीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंग्लंडहून आयर्लंडला बटर घेऊन आलात?"

हसू आवरायचा त्यानं खूप प्रयत्न केला म्हणे. पण नियम तो नियम. तूप गेलं, आणि त्याबरोबर लाडवांचा डबाही गेला. सुका डिंक, खारकेची पूड, सुंठ आणि जायफळ तेवढं परत बॅगेत ठेवून त्यानं चेन लावून दिली, आणि बॅग गाडीवर चढवायलाही हात दिला.

ताईनं मला तिथूनच फोन केला. आधी ही गंमत सांगितली, माझ्याआधी स्वतःच हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

"लाडू तेवढे मला येत होते गं," ती म्हणाली. "तीनदा केले होते. आता मी तिथं जाऊन काय करू?"

मी हॉस्पिटलच्या लॉबीत उभी होते. माझी ती थोरली बहीण, दुकानदारांना शिस्त लावणारी, भावोजींना सरळ ठेवणारी, विमानतळावर एका हलक्या झालेल्या बॅगेजवळ उभी राहून मला विचारत होती. मी म्हटलं, "ताई, त्या माणसानं तुला बरोबर सांगितलंय. बटर तिथलंच घे."

तिनं घेतलं. पहिल्या दिवशी गडबडीत कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाचं उचलून आणलं, कारण तिथं लोक तेच खातात. पातेल्यात असा फेस आला की म्हणे भीतीच वाटली. केदार छत्री घेऊन पळत जाऊन बिनमिठाचं घेऊन आला. आयर्लंडच्या गायी वर्षातले बहुतेक महिने हिरवं गवत खातात, त्यांचं बटर झेंडूच्या पाकळीसारखं पिवळं. त्याचं जे तूप झालं ते रवाळ, सोनेरी, आणि वास असा की वरच्या मजल्यावरची पोलिश बाई काय शिजतंय ते विचारायला खाली आली. ताईनं मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'लेस्टरपेक्षा चांगलं झालंय, तुझ्या भावोजींना सांगू नकोस.' डिंक तळला, तो फुलला, आणि मुक्ताची वेळ यायच्या आत डबा भरून लाडू झाले.

त्याच आठवड्यात इथं मीही लाडू केले. कुणासाठी, ते विचारू नका. दुकानात सेल लागला होता, पाय आपोआप तिकडे वळले, आणि घरात हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस असताना मी फ्रीज बटरनं भरून ठेवला. श्रीकांत तोवर घरी आला होता. उशी छातीशी धरून सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "मला नुसता वास घेऊ दे. वासात कोलेस्टेरॉल नसतं." डिंक तळताना धुराचा अलार्म वाजायला लागला, रश्मी धावत आली आणि बाळाचा पंचा त्याच्याखाली वारा घालायला हलवत राहिली. अमेरिकेतून लाडू पाठवता येतील का, म्हणून मी कुरिअरवाल्याकडे जाऊन आले होते. तिथल्या मुलीनं घरी केलेलं, दूधदुभत्याचं, युरोपात, असं एकेक ऐकत मान हलवली. शेवटी सगळा डबा रश्मीच्या हातात दिला. "काकू, हे मुक्ताताईचे आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "बाळंतिणीचे आहेत. तुला कुणी दिले नाहीत ना, मग खा." तिनं तिथंच उभ्या उभ्या एक तोंडात टाकला आणि बराच वेळ पाठमोरी होऊन नळाखाली हात धूत राहिली.

बाळ झालं. मुलगी. मुक्ता सुखरूप. मी आणि श्रीकांत फोनच्या एवढ्याशा काचेवर डोकं डोक्याला लावून ते गुलाबी गाठोडं बघत बसलो. माझा जीव भांड्यात पडला, पण सगळा नाही पडला. बाळाच्या डोक्याखाली जो हात होता त्यात ताईची बांगडी होती.

मग आंघोळी सुरू झाल्या. तिथं दुपार व्हायच्या वेळी माझा सकाळचा चहा असायचा. मी फोन लावायची. पाटावर बसून पाय पसरायचे, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, पाणी कसं बघायचं, मान कशी धरायची, हे सगळं सांगायला मी तयारीत असायची. पहिल्याच दिवशी ताई म्हणाली, "फोन बंद कर. तुझ्यासमोर नाही जमायचं मला." मुक्तानं मध्यम मार्ग काढला. फोन बाथरूमच्या कट्ट्यावर उताणा ठेवून दिला. तेव्हा कितीतरी दिवस मी चहा पीत पीत डब्लिनच्या एका बाथरूमचं छत बघितलं. छताला एक गोल दिवा होता आणि कोपऱ्यात थोडी ओल आली होती. पाण्याचा आवाज यायचा, बाळाचं टाहो फोडणं यायचं, आणि ताईचं अखंड पुटपुटणं, "झालं हं राणी, झालं, झालं. मला पण नाही येत गं. दोघी शिकू." मी कपबशी खाली ठेवायची. माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं, पण त्या छताला काय सांगणार.

मला मत्सर वाटला का? वाटला ना. चांगला सणसणीत वाटला. मुक्ता म्हणायची, "आई, रिलॅक्स. मावशी इज डुइंग ग्रेट," आणि ते ऐकून मला आनंद व्हायचा आणि आत काहीतरी टोचायचंही. मग एक दिवस फोन लावला तर छत नव्हतं. ताईनं स्वतः फोन टेकवून ठेवला होता. तिनं साडी खोचली होती, नाही, साडी कुठली, भावोजींचा जुना पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. एका उलट्या टबावर ती पाय पसरून बसली होती आणि त्या सुरकुतलेल्या, लांब पायांवर माझी नात पडून होती, रडत नव्हती. ताई साय आणि हळद-पीठ तिच्या पाठीवर फिरवत होती. एकदाही तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. मी मुकाट्यानं चहा संपवला आणि श्रीकांतला म्हटलं, "येतंय तिला." तो म्हणाला, "मग रडतेस कशाला?"

आता ती नात घरभर पळते. तिला दोन आज्या आहेत, लेस्टर आजी आणि अमेरिका आजी, आणि कुठली कुठली हे ती स्वच्छ सांगते. श्रीकांत रोज तळ्याच्या कडेनं फेरी मारून येतो. रश्मीच्या आईला व्हिसा मिळाला, ती येऊन, सगळ्या शेजाऱ्यांना संत्र्याची बर्फी वाटून गेली. ताई अजूनही खोके पाठवते, पण आता त्यात फक्त सुकं असतं, आणि भावोजी पोस्टात बिनचूक उत्तरं देतात. त्या फॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी मला धरून ठेवलं, त्यांची नावं घ्यायला बसले तर तूप करपेल. जखमेची पट्टी रोज बदलणारी नर्स, विमानतळावर बॅगेला हात देणारा तो माणूस, पावसात बटर आणायला पळणारा जावई. मी ज्यांना कधी भेटणार नाही अशीही माणसं त्यात आहेत. आपण स्वतः पोचू शकलो नाही, तरी आपलं माणूस उपाशी राहिलं नाही, याचं ऋण फार गोड असतं.

मी स्वतः डब्लिनला पोचले ते त्या बाळंतपणानंतरच्या फेब्रुवारीत. ताईनं दार उघडलं, बाळ तिच्या खांद्यावर होतं. मला बघताच तिनं घाईघाईनं तिला माझ्याकडे दिलं, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला ठेवलेली परत करावी तसं. "घे, तुझी नात," म्हणाली. बाळानं माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. ताई लगेच स्वयंपाकघरात गेली, आणि बाळ गप्प होईपर्यंत बाहेर आली नाही. पुढचे दिवस ती तसंच करायची. मी बाळाजवळ गेले की तिला कुठेतरी दुसरीकडे काम निघायचं. ताई परत निघायची त्या दिवशी सकाळी मी टॉवेल घेतला आणि तिच्या हातात दिला. "आज तू घाल आंघोळ," म्हटलं. ती बाथरूममध्ये गेली, तिनं दार लोटून घेतलं. मी बाहेर बसले. पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला.

केदार गाडी काढायला खाली गेला होता. मुक्ता बाळाला पाजत होती. ताई दाराशी कोट घालून उभी होती, बॅग पायाशी. तिनं एकदा आत बघितलं आणि माझा हात धरला.

"एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग ना."

"तुझे किती हाल झाले, मला ठाऊक आहे. श्रीकांतचं तर विचारूच नये," ती अगदी हळू म्हणाली. "पण तू आली नाहीस ना, ते बरं झालं गं. नाहीतर मला कुणी बोलावलंच नसतं."

मी तिच्या कोटाची वरची गुंडी लावली. ती नीटच लागलेली होती, तरी काढून पुन्हा लावली.

"हो ताई," मी म्हटलं. "बरं झालं."